डावा बार, उजवा बार

मी बडबड्या माणूस आहे. कडा गावात नगर रस्त्याला माझं गॅरेज आहे. तिथं चहाला थांबलेल्या कुणालाही विचारा, मिस्तरीच्या पोटात काही राहत नाही, असंच सांगेल. कुणी कुणाच्या इंजिनाची वाट लावली, कुणी नवा म्हणून जुनाच पार्ट ठोकला, ते मी चारचौघांत बोलून मोकळा होतो. पण एक गोष्ट राहिली आहे. बायकोला सांगितली नाही, देवालाही नाही. देवासमोर हात जोडले की मी मुद्दाम दुसरंच काहीतरी आठवत राहतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल कदाचित. बघू जमतंय का.

आधी थोडं गाडीबद्दल बोलतो. तुम्ही म्हणाल, हा टाळतोय. हो, थोडं टाळतोय. पण गाडी कळली नाही तर मी काय केलं तेही कळणार नाही.

जुन्या जीपला पुढं एकच सलग आक्सल असायचा, बैलगाडीला आख असतो तसा. एक चाक दगडावर चढलं की दुसरंही कलायचं आणि आतली माणसं एकमेकांवर आपटायची. पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शनच्या फोर व्हील गाड्या आल्या. त्यांत प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर, म्हणजे वेगळ्या दांड्यावर, वरखाली होतं. डावं चाक दगडावर चढलं तरी उजव्याला पत्ता नसतो. त्यातल्या काही पिकअपना पुढं स्प्रिंग नसते, टॉर्शन बार असतो. म्हणजे दोन-अडीच हातांची जाड पोलादी सळई. एक टोक चाकाच्या आर्ममध्ये, दुसरं चासीला आवळलेलं. चाक वर गेलं की सळई पिळली जाते, ओलं धोतर पिळावं तशी, आणि पीळ सुटला की चाक खाली दाबलं जातं. डावीकडं एक, उजवीकडं एक. दिसायला दोन्ही सारखे. पण कारखान्यातच प्रत्येकाला एका बाजूनं पीळ खायची सवय लावलेली असते. डावा बार उजवीकडं घातला तरी बसतो, हीच पंचाईत आहे. बसतो, गाडी चालते, काही महिने कुणाला काही कळत नाही. आतून मात्र त्याला चीर पडत जाते.

हे मी पुण्यात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये शिकलो होतो. गावी येऊन गॅरेज टाकलं तेव्हा आमच्या सगळ्या भागात हे मला एकट्यालाच कळतं, अशी माझी समजूत होती. आणि ती मी कुणाला विसरू देत नव्हतो. आष्टीकडच्या एका मिस्तरीनं एकदा बार उलटे बसवले. गाडी माझ्याकडं आली. मी ते बार काढून, रस्त्यावर मांडून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. ‘ज्याला डावं-उजवं कळत न्हाई त्यानं चपला बी घालू न्हाईत,’ असं म्हणालो. लोक पोट धरून हसले. त्या माणसानं पुढं टॉर्शन बारचं काम घेणंच सोडलं म्हणे. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

आता विष्णूकडं येतो.

विष्णू माझा साडू. माझी बायको कुसुम, तिची धाकटी बहीण लता, आणि लताचा नवरा हा विष्णू. सासऱ्यांना आम्ही दोघंही मामा म्हणायचो. मामांना मुलगा नव्हता, दोन मुलीच. बालाघाटाच्या डोंगरावर वस्ती, मागं मेंढरांचा कळप, आणि माणूस असा की आयुष्यभर बसलेला कुणी पाहिला नाही. लग्नानंतर विष्णू त्यांच्याच वस्तीवर राहायला आला. हातात गाडी द्यावी तर विष्णूच्या. पण प्यायचा. लई प्यायचा. लता दोनदा पोरीला काखोटीला मारून आमच्या घरी निघून आली होती.

मग एके वर्षी जत्रेत त्यानं भंडारा उचलला. आमच्यात बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, मुठीत घेऊन जे बोललं ते शेवटचं. कोर्टात खोटं बोलणारा माणूसही भंडाऱ्यावर खोटं बोलत नाही. विष्णूनं मूठ कपाळाला लावली आणि आजपासून दारू बंद म्हणाला. लोक म्हणाले, दिवाळीपर्यंत टिकणार नाही. पण टिकला की! दिवाळी गेली, शिमगा गेला, पुढच्या वर्षीची जत्रा आली. लताच्या चेहऱ्यावर मांस आलं. मामा जावयाला शेजारी बसवून जेवायला लागले.

त्याच सुमारास त्यानं जुनी फोर व्हील पिकअप घेतली. ती मीच निवडून दिली होती. वस्तीवर जायचं तर ओढ्याच्या गोट्यांतून चढ आहे, साधी गाडी तिथं नुसती चाकं फिरवत बसते. विष्णूची पिकअप मांजरीसारखी चढायची. दुधाचे कॅन, मेंढरं, अडलेली बाई — वस्तीचं सगळं त्या गाडीवर. ‘दाजींनी पारखून दिलीय,’ असं तो सगळीकडं सांगायचा.

त्या साली नवरात्रात त्यानं पुढून खडखड येते म्हणून गाडी आणली. खालच्या आर्मचे बुश गेले होते. मी पुढचा भाग खोलला, दोन्ही बार काढले. बारांच्या टोकाला कारखान्याचं अक्षर असतं, डावा कुठला, उजवा कुठला ते सांगणारं. या जुन्या बारांवरचं गंजानं खाल्लं होतं. म्हणून मी नेहमी रंगाचा ठिपका देतो. त्या दिवशी रंगाचा डबा वाळलेला निघाला. मग खडू घेतला आणि एका बारावर रेघ मारली. डावा.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. शेतकरी विळा-कोयता मांडतो, आम्ही पाने, जॅक, हातोडे. त्या दिवशी काम बंद. कुसुम बादली घेऊन आली, डिझेलच्या बोळ्यानं एकेक हत्यार पुसून, साबणानं धुऊन पाटावर मांडू लागली. बारांपाशी आली तेव्हा तिनं विचारलं, ‘हे बी धुयाचे का?’ मी ओळखीच्या दोघांना बसवून काहीतरी फुशारक्या मारत होतो. मागं न बघता म्हणालो, ‘धू की. सगळं धू.’

तिनं धुतले. लख्ख धुतले. वर हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडूची फुलं वाहिली. मी उदबत्ती लावली, नारळ फोडला. तेव्हासुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

दसऱ्याला सकाळी विष्णू आला. सणाच्या दिवशी गाडी दारात हवी, लतानं तोरण करून ठेवलंय म्हणाला. मी बार उचलायला वाकलो आणि जागच्या जागी थांबलो. कुंकवाची बोटं दोन्हीवर सारखी. खडू कुठंच नाही.

तेव्हा काय करायला हवं होतं? ‘विष्णू, घोळ झालाय, गाडी आज मिळणार नाही’ — एवढंच. नव्या बारांची जोडी नगरहून मागवली असती, एक सण हुकला असता. पण गॅरेजात चारजण उभे होते. सोनं द्यायला, आपट्याची पानं घेऊन आलेले. त्यातल्या दोघांनी तर माझं ते चपलांचं बोलणं ऐकलेलं होतं, त्यावर हसले होते. त्यांच्यासमोर मी म्हणायचं, की मला डावं-उजवं कळत नाही?

मी एक बार उचलला, अंदाजानं डावीकडं घातला. दुसरा उजवीकडं. मनात म्हटलं, बरोबरच असतील. पण मग उंची लावायचा बोल्ट आवळू लागलो, तर नेहमीच्या खुणेपाशी गाडीचं तोंड वर येईना. आणखी आवळला. आणखी. कुठं उंची जमली. बार उलटे असले की असंच होतं, ते पिळाला दाद देत नाहीत. म्हणजे मला संशय होता असं नाही. मला कळलं होतं. हे नीट ऐका — मला कळलं होतं. पाना हातात होता, गाडी जॅकवर होती, परत खोलायला थोडा वेळ लागला असता. मी जॅक खाली सोडला, विष्णूला सोनं दिलं आणि म्हणालो, ‘जा, आता कायबी काळजी न्हाई.’

दिवाळीनंतर तो ग्रीसिंगला आला. तेव्हा बदलता आले असते. पण बदलताना तो विचारणार, कशाला बदलता? मी ग्रीस मारलं आणि गाडी दिली. संक्रांतीच्या आधी पुन्हा आला. तेव्हाही दिली. प्रत्येक वेळी वाटायचं, इतके दिवस चालली, म्हणजे चालेल. तुम्हाला कधी असं झालंय का — एखादी चूक जुनी झाली म्हणजे ती मिटली, असं वाटणं?

शिमग्याच्या आधी त्यातला एक बार तुटला.

विष्णू मामांना आणि चार मेंढ्यांना घेऊन बाजाराला निघाला होता. मामा मागं, मेंढ्यांत. कितीही म्हटलं तरी ते पुढं बसत नसत, जनावर बिचकतं म्हणायचे. उतारावर एक मोरी आहे, तिथं रस्ता वळतो. सकाळची वेळ, कोरडा रस्ता, समोरून कुणी नाही. गाडी एकाएकी डावीकडं बसली, ओढली गेली आणि मोरीच्या कठड्यावर आदळली. मामा बाहेर फेकले गेले. कंबर मोडली. जीव वाचला, पण पुन्हा उभे राहिले नाहीत.

लोक धावले तेव्हा विष्णूचं कपाळ फुटलेलं, पाय लटपटत होते, तोंडातून शब्द धड निघत नव्हता. ज्यानं त्याला पूर्वी प्यालेलं पाहिलं होतं त्याला एवढं पुरेसं होतं. वास कुणी घेतला नाही. गरजच वाटली नाही कुणाला.

गाडी ओढून माझ्याच गॅरेजला आणली. दुसऱ्या कुणाकडं आणणार? मी खाली आडवा झालो आणि डावीकडचा बार पाहिला. दोन तुकडे. तुटल्या जागी अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गंजट — ती जुनी चीर. उरलेला कडेचा भाग चकचकीत, त्या सकाळी तुटलेला. आपटल्यामुळं बार तुटला, की बार तुटल्यामुळं गाडी आपटली, हे ते तुकडे बघून ओळखणारा माणूस त्या गावात एकच होता. तो गाडीखाली पडून होता आणि त्याला रडू फुटत नव्हतं. दोन्ही बार मी काढले आणि भंगारात दिले.

घरातली गोष्ट म्हणून पोलिसांपर्यंत कुणी नेली नाही. वस्तीवर बैठक बसली. मामांचे थोरले भाऊ, भावकीतली जाणती माणसं, मी. बायका दाराआड. विष्णू मधोमध उभा, डोक्याला पट्टी. तो एकच म्हणत होता, ‘म्या थेंबभर बी घेतली न्हाई. गाडीच खाली बसली. भंडारा आना, आत्ता उचलतो.’

भंडाऱ्याचं ताट आलं सुद्धा होतं. पण थोरल्या मामांनी हात आडवा घातला. एकदा उचलून मोडला असेल तर दुसऱ्यांदा हात लावू द्यायचा नाही, देवाचा कोप होतो, अशी आमच्यातली रीत आहे. आधी ठरायला हवं होतं, दोष गाडीचा की माणसाचा. ते माझ्याकडं वळले.

‘मिस्तरी, तुमी या कामातले जानते. गाडीत काय खोट व्हती का?’

विष्णू माझ्याकडं बघत होता. घाबरून नाही. आता सुटलो, अशा नजरेनं बघत होता. त्याला वाटलं, दाजी गाडी बघून आलेत, आता दाजी सांगतील. तो चेहरा मी काय सांगू तुम्हाला?

मी म्हणालो, ‘गाडी ठनठनीत व्हती. आपटल्यावर जे मोडलं ते मोडलं.’

बस्स. एवढंच वाक्य. ताट आत गेलं. दाराआड लता मोठ्यानं रडली. विष्णू माझ्याशी भांडला नाही. त्यानं नुसतं एकदा ‘दाजी?’ म्हटलं आणि खाली बसला.

लता पोरीला घेऊन आमच्या घरी राहायला आली ती कायमचीच. बापाला ज्यानं मोडलं त्याच्याबरोबर नांदणार नाही म्हणाली. मामांनाही आम्ही आमच्याकडं आणलं, वस्तीवर विष्णू एकटाच उरला. ओसरीत बाज टाकली. रस्त्यानं दुसऱ्या कुणाची मेंढरं गेली की त्यांची मान तिकडं वळायची, कळप लांब जाईपर्यंत वळलेली राहायची. विष्णू भेटायला यायचा तेव्हा तोंड भिंतीकडं करायचे. त्याच्या हातचं पाणी त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. मी त्यांची सेवा केली. अंघोळ घातली, कूस बदलली. गाव म्हणायचं, जावई असावा तर असा. आणि मी ते ऐकून घ्यायचो. ऐकून बरंही वाटायचं, हेही आज सांगून टाकतो.

विष्णू जत्रेला यायचा आणि देवळाच्या बाहेर, चपला ठेवतात तिथं उभा राहायचा. भंडारा उधळायला लागले की कुणाच्या अंगावरचा उडून आपल्यावर पडू नये म्हणून मागं सरकायचा. काही दिवस त्यानं पुन्हा बाटली धरली. मग लोक म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? आणि मीही मान हलवली. पुढं ती त्यानं आपणहून सोडली, कुणाला न सांगता. या वेळी कुणी कौतुक केलं नाही.

बरीच वर्षं बाजेवर काढून मागच्या वर्षी मामा गेले. मुलगा नव्हता, विष्णूला कुणी पुढं होऊ दिलं नाही. पाणी मी पाजलं, अग्नी मी दिला.

त्यानंतर लता थोडी मऊ झाली. पोरगी लग्नाची झाली आहे, आई-बाप वेगळे राहतात म्हटल्यावर सोयरीक कोण करणार? तिनं निरोप धाडला — देवासमोर येऊन केलेलं कबूल कर, मग मी नांदायला येते. थोरल्या मामांनीही रुकार दिला. चूक कबूल करणाऱ्याला देव परत घेतो, असं ते म्हणाले.

विष्णू आला. स्वच्छ धुतलेला सदरा, केस पांढरे झालेले. बिरोबापुढं उभा राहिला. सगळी भावकी जमलेली. त्यानं देवाला हात जोडले. मग खालमानेनं म्हणाला, ‘प्यालो व्हतो. माझ्यामुळं मामा पडले.’

लता पदरात तोंड घालून रडत होती. बायका डोळे पुसत होत्या. सगळ्यांना हलकं वाटलं, खरंच सांगतो, देऊळभर माणसं सैल झाली. आणि थोरला साडू म्हणून त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा मान मला दिला. मी लावला. माझा अंगठा त्याच्या कपाळावरच्या जुन्या जखमेच्या व्रणावरून फिरला. तोंड उघडायला तेव्हाही वेळ होता, माणसंही सगळी तीच होती. मी लावला आणि बाजूला झालो.

परत निघालो तेव्हा बायका पुढं गेल्या होत्या. आम्ही दोघं मागं चालत होतो. विष्णू हळूच म्हणाला, ‘दाजी, तुमाला म्हनून सांगतो. लेकीसाठी बोललो त्ये. म्या प्यालो नव्हतो.’ थोडं चालून पुन्हा म्हणाला, ‘पर गाडीत बी काय नव्हतं म्हनता. तुमी कशाला खोटं बोलाल? मग झालं काय आसंल? लई वर्सं इचार करतोय. मला डुलकी लागली आसंल का?’

तो मला विचारत होता. दोष देत नव्हता. त्याला फक्त कळायला हवं होतं.

मी म्हणालो, ‘आसंल.’

त्यानं मान हलवली. ‘तसंच आसंल,’ म्हणाला, आणि जरा जलद चालायला लागला, लताला गाठायला.

ती दोघं आता वस्तीवर नांदतात. पोरीची सोयरीक जमते आहे, आणि बोलणी करायला माझ्यावर विश्वास टाकून मलाच पुढं करतात. मी जातो.

विष्णू त्या सकाळी प्यालेला नव्हता. त्याला डुलकीही लागली नव्हती. बार मी उलटे बसवले होते, आणि बसवताना मला ते माहीत होतं.